भाऊरावनं केवलरामला धावायला लावलं

केसानं गळा कापणारी माणसं कुठंही भेटतात. पण रोज पहाटे उठून, बूट घालून, मित्राच्या बरोबरीनं धापा टाकत त्याचा गळा कापायला जायचं म्हणजे अंगात चिकाटी लागते. भाऊराव कापगतेच्या अंगात ती होती. आयुष्यात त्यानं दुसरं काहीही इतक्या नेमानं केलं नाही, असं त्याची बायको हिरा सांगते, आणि तिचं म्हणणं खोडून काढायला जागा नाही.

भाऊराव मूळचा साकोलीकडचा. विशीत भिलाईला आला, स्टीलच्या कारखान्यात कोक ओव्हनला लागला आणि तिथंच त्याचे केस पिकले. केवलराम फुंडे लाखनीकडचा. दोघं एकाच दिवशी कामावर लागले, लग्नं होईपर्यंत एकाच खोलीत राहिले, आणि पुढं रुआबांध्यात दोघांना क्वार्टरं मिळाली तीही समोरासमोर. केवलरामच्या बायकोनं, मैनाबाईनं, भाजी केली की वाटीभर हिराकडे यायची, आणि हिराकडून ती वाटी कधी रिकामी परत जायची नाही. सेक्शनमध्ये लोक त्यांना जोडीनंच हाक मारत. फुंडे-कापगते, एका दमात.

कोक ओव्हन म्हणजे उंच, अरुंद भट्ट्यांची एकमेकींना चिकटलेली रांग. या रांगेला बॅटरी म्हणतात. तिच्या माथ्यावर गच्चीसारखी सपाट जागा असते आणि त्या गच्चीत कोळसा ओतायची भोकं. भोकांवरची लोखंडी झाकणं लांब आकड्यानं काढायची आणि परत बसवायची, हे भाऊरावचं काम. पायाखाली इतकं तापलेलं असतं की बुटांचे तळवे टिकत नाहीत, म्हणून बुटांखाली लाकडी फळ्या बांधून चालायचं. झाकण उघडलं की पिवळा धूर तोंडावर येतो. मास्क असतो, पण तो लावला की जीव गुदमरतो आणि काढला की छाती जळते. माणूस मग कधी लावतो, कधी काढतो, आणि अशी वर्षं जातात.

या बॅटरीच्या जिन्याखाली मास्क रूम आहे. पाळीवर येणाऱ्याला तिथून मास्क मिळतो, पाळी सुटली की तो परत द्यायचा, आतल्या माणसानं पुसून, तपासून खुंटीला लावायचा. खोलीत एक टेबल, एक पंखा, उन्हाळ्यात कूलर आणि एक खुर्ची. धूर नाही. ज्याची छाती गेली, त्याला डॉक्टर लाइट जॉब लिहून देतात आणि तो या खुर्चीत बसतो. सेक्शनला अशी जागा एकच.

धावायला लागायच्या दोन वर्षं आधी केवलराम बॅटरीच्या माथ्यावर चक्कर येऊन पडला. भाऊरावनंच त्याला पाठीवर घेतलं आणि सगळा जिना उतरून खाली आणलं. डॉक्टरांनी केवलरामची छाती तपासली, मान हलवली आणि लाइट जॉब लिहून दिला. केवलरामला खुर्ची मिळाली. भाऊरावला शाबासकी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी तो परत वर गेला.

खरी गोष्ट अशी की छाती भाऊरावचीही गेली होती. सकाळी तोंड धुताना काळं पडायचं. जिन्याच्या मध्यावर थांबून, बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करून तो दम घ्यायचा. शेवटी त्यानंही डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी लिहिलं, लाइट जॉब द्यावा, जागा रिकामी असल्यास. भाऊराव तो कागद घेऊन फोरमन भय्याजींकडे गेला. भय्याजी रीवाकडचे, तोंडानं तिखट पण माणूस वाईट नाही.

"कापगते, कुर्सी एक है," ते म्हणाले. "फुंडे उठेगा, तुम बैठोगे. अब मैं क्या उसको धक्का मारूँ?"

भाऊराव हसला. पण ते वाक्य त्याच्याबरोबर घरी आलं, जेवायला बसलं आणि अंथरुणात शिरलं. केवलरामच्या रिटायरमेंटला बरीच वर्षं होती. भाऊरावच्या छातीत तेवढी वर्षं नव्हती.

मित्राला सरळ सांगता आलं नसतं का? आलं असतं. पण सांगायचं म्हणजे आपली छाती संपली हे तोंडानं कबूल करायचं, आणि तेही ज्याला आपण पाठीवर घालून खाली आणलं त्याच्यापुढे. भाऊराव असल्या बाबतीत ताठ माणूस. त्याला भीक मागायची लाज वाटायची, चोरी करायची नाही. असे बरेच असतात.

इकडे केवलराम खुर्चीत बसून सुधारला. गाल वर आले, रंग उजळला. धूर सुटल्यावर त्याची छाती हळूहळू मोकळी झाली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून संध्याकाळी तो चालायला जायचा. रोज पाळीला भाऊराव खिडकीशी आला की मास्क पुढे करून म्हणायचा, "नीट लाव गा, आज हवा इकडली हाये." शिवाय गुणगुणत असायचा. भाऊरावच्या कानांत ते गुणगुणणं काट्यासारखं सलायचं.

एका रविवारी केवलरामच्या मुलीला, उन्नतीला, कोचिंगला सोडायला भाऊराव स्कूटरवर नेहरू नगरला गेला होता. केवलरामची गाडी बिघडली होती, म्हणून. तिथं हायवेच्या कडेला मोठा बॅनर लागला होता. जानेवारीत मॅराथॉन, नेहरू नगर ते नंदिनी नगर आणि परत, पूर्ण बेचाळीस किलोमीटर. भाऊराव बॅनरखाली उभा राहिला. उन्नती आत निघून गेली तरी उभाच होता. बेचाळीस किलोमीटर धावलेल्या माणसाला लाइट जॉबवर कोण ठेवील? जगातला कुठला डॉक्टर ठेवील? धक्का मारायची गरजच नव्हती. धावत धावतच तो खुर्चीतून उठला असता.

त्याच संध्याकाळी त्यानं केवलरामला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला घेतलं. केवलराम शाळेत असताना तालुक्याच्या शर्यतीत पहिला आला होता, हे भाऊरावला ठाऊक होतं. खोलीवर एकत्र राहत असताना ते त्यानं शंभरदा ऐकलं होतं. तेव्हा कंटाळा यायचा. आता ते कामाला आलं.

"तुया पायात अजून तेच रगत हाये," तो म्हणाला. "चालून का राहिला रे बुढ्यावानी? धाव ना."

"मी? आता? दम लागन ना मले."

"मी धावतो ना तुयासंगं. तुले दम लागला तं मी थांबन, मले लागला तं तू थांब."

केवलराम हसायला लागला, पण त्याचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो भाऊरावच्या आधी बूट घालून दारात हजर.

पहिल्या आठवड्यात दोघं जेमतेम रुआबांध्याच्या चौकापर्यंत धावत आणि कठड्यावर बसत. मग हळूहळू अंतर वाढलं. केवलरामची धाव बघण्यासारखी होती. इतकी वर्षं पायांना लाकडी फळ्या बांधून चाललेला माणूस. तो टाच आपटत नव्हता, उड्या मारत नव्हता, पाय सपाट टाकत छोट्या पावलांनी एका लयीत जायचा. पार्कात येणारा एक रिटायर्ड पीटी मास्तर त्याला थांबवून म्हणाला, असं धावायला शिकवावं लागतं, तुम्हाला आपोआप येतं. केवलराम लहान पोरासारखा लाजला. भाऊराव मागे वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

कारण धावणं भाऊरावलाही चुकत नव्हतं. तो नसला की केवलराम जायचा नाही. "एकट्यानं का मजा?" म्हणायचा. त्यामुळे या गृहस्थाला स्वतःचा डाव स्वतःच्या फुटक्या फुप्फुसांवर वाहून न्यावा लागला. खोकल्याची उबळ आली की केवलराम मागे वळून यायचा, त्याची पाठ चोळायचा, बाटलीतलं पाणी घोट घोट पाजायचा. घाई करायचा नाही. परत आल्यावर मैनाबाई दोघांपुढे बोरे-बासी ठेवायची, रात्रीचा पाण्यातला भात, मीठ, कांदा, हिरवी मिरची. "खा भाऊजी," म्हणायची. "तुमच्यामुळे यायच्या तोंडावर कळा आली. मी तं रोज देवाजवळ तुमचं नाव घेतो."

हिराला सगळं कळलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याबरोबर इतकी वर्षं काढल्यावर सांगावं लागत नाही. एक दिवस भाऊराव समोरून जेवून आला तेव्हा ती भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "अवो, मैनाबाईच्या हातची बासी उतरते कशी तुमच्या घशाखाली?"

"कावून? का झालं?"

"काई नाई. माया घशाखाली नसती उतरली."

भाऊरावनं तिला खोकून दाखवलं. मोरीत काळं थुंकला आणि म्हणाला, "हे दिसते का तुले?" हिरानं ते पाहिलं, त्यावर पाणी ओतलं आणि त्यानंतर ती या विषयावर पुन्हा बोलली नाही. तीही त्याच घरात राहत होती. तिलाही नवरा जिवंत हवा होता.

दिवाळी झाली आणि केवलरामच्या मनात शंका आली. धावणं वेगळं, पण शर्यतीत नाव घालणं वेगळं. "प्लांटात समजलं तं?" तो म्हणाला. "मायी खुर्ची जाईन, भाऊराव. वर नाई जाऊ शकत मी आता."

उन्नती तिथंच होती. तीही म्हणाली, "हां काका, किसी ने बता दिया तो? बाबाले प्रॉब्लेम होईन ना."

भाऊरावला घाम फुटला. एवढ्या महिन्यांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली होती. तो उठला, केवलरामजवळ जाऊन बसला आणि त्याच्या मांडीवर हात ठेवला. "इतके हजार लोक धावतेत बेटा. छातीवर नंबर राहते, नाव नाई. कोणाले कळते? आणि मी हावो ना."

मी हावो ना. बस, एवढ्यावर केवलराम मानला. ज्यानं पाठीवर घेऊन जिना उतरवला, त्याच्या शब्दावर शंका घ्यायची म्हणजे पाप.

मैनाबाईनं त्या दिवशी तिळाचे लाडू वळले होते. भाऊरावनं दोन खाल्ले.

नाही म्हणायला एकदा तो डगमगला. डिसेंबरातली सकाळ, दोघं नंदिनीच्या रस्त्याला लांबवर गेले होते. धुकं उठत होतं. धावता धावता केवलराम थांबला, शेतांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाऊराव, खुर्चीत बसून मी मरून राहिलो होतो गा. दिसत नव्हतं कोणाले. तू उठवला मले." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भाऊरावला वाईट वाटलं. खरोखर वाटलं, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. सांगून टाकावं, इथंच सोडून द्यावं, असं त्याच्या ओठांवर आलं. पण ओठांवर त्याच्या आधी खोकला आला. कंबरेत वाकून तो इतका वेळ खोकत राहिला की बोलण्याची वेळ निघून गेली. तोंड पुसून सरळ झाला तेव्हा त्याचं मन पुन्हा घट्ट झालं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी भाऊराव दोन टी-शर्ट घेऊन गेला. विश्वकर्मा पूजेला सेक्शननं छापून घेतले होते ते, पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत कोक ओव्हन. "हेच घालू," तो म्हणाला. "आपल्या खात्याची शान." केवलराम जरा थबकला, पण शर्ट नवा होता आणि अंगाला बरोबर बसला.

नेहरू नगरात पहाटे गर्दी होती. हात चोळत उड्या मारणारी पोरं, रंगीत बुटांतले डॉक्टर-वकील, लाउडस्पीकरवर गाणी. या सगळ्यांत हे दोघे पन्नाशीचे, एकसारख्या शर्टांतले, गळ्यात गमछा. केवलरामनं जमिनीला हात लावून नमस्कार केला. आणि निघाले.

भाऊरावचा बेत साधा होता. नंदिनीपर्यंत कसंबसं जायचं, तिथं बसकण मारायची, आणि केवलरामला पुढे हाकलायचं. आपण अर्ध्यात पडलो हेही लोकांनी पाहिलेलं बरं. एक धडधाकट ठरला आणि एक मोडका, म्हणजे हिशोब दोन्हीकडून चोख. पण बसकण मारायचं सोंग करायची वेळच आली नाही. नंदिनी नगरच्या अलीकडे चुनखडीचे ट्रक गेले, रस्त्यावर पांढरी धूळ उठली आणि भाऊरावचा श्वास अडकला. आत जाईना, बाहेर येईना. तो एका पुलाच्या कठड्यावर कोसळला. ओठ निळे पडले होते.

केवलराम त्याच्यापाशी गुडघ्यांवर बसला. भाऊरावचा गमछा ओला करून त्याच्या छातीवर ठेवला, बोटं चोळली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरडून गाडी बोलवायला सांगितलं. श्वास जरा लागला तसा म्हणाला, "झालं. पुरे झालं आता. दोघं निघालो, दोघं वापस जाऊ. अर्धी केली, बहुत झाली."

आणि तिथं, धड बोलता येत नसताना, भाऊराव घाबरला. मरायला नव्हे. केवलराम थांबेल, याला.

"तू जा," तो कसंबसं म्हणाला.

"पागल झाला का? तुले टाकून?"

"माया... गळ्याची... शपथ हाये तुले. धाव. माया वाटची पण धाव."

केवलरामनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पिळवटून आला. मरणाच्या दारात बसलेला हा माणूस आपल्या आनंदासाठी आपल्याला पुढे ढकलतोय, असं त्याला दिसलं, आणि त्यात त्याची काय चूक? त्यानं आपला कोरडा गमछा भाऊरावच्या गळ्याभोवती गुंडाळला, डोळे पुसले आणि वळून धावू लागला. पाठीवरची पिवळी अक्षरं धुळीत लहान होत गेली. भाऊराव बघत राहिला. किती सुंदर धावतो हा, असं त्याच्या मनात आलं, आणि क्षणभर त्याला फक्त आनंद झाला. मग जीप आली.

केवलराम पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. मंडपाचे बांबू सोडायला सुरुवात झाली होती, बक्षिसं वाटून पाहुणे निघून गेले होते. मैनाबाई, उन्नती आणि जीपमधून आलेला भाऊराव, एवढेच थांबले होते. केवलराम आला तो लंगडत, ओठ फाटलेले, शर्टावर मिठाचे पांढरे डाग. रेषा ओलांडून तो थेट भाऊरावच्या गळ्यात पडला आणि हमसून रडला. उन्नतीनं फोटो काढला. "काका, तुमाले पाठवू का? लो, भेज दिया."

भाऊरावनं तो तिथल्या तिथं सेक्शनच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, कोक ओव्हनचा शेर, पूर्ण बेचाळीस.

"ग्रुपवर नको टाकू गा," केवलराम पाणी पिता पिता म्हणाला.

"अरे, टाकला ना. आनंदात राहिलं नाई भान."

आता भिलाईत एक पद्धत आहे. आपल्यातल्या कोणी काही केलं, की बॅनर लागतो, शाल येते, नारळ येतो आणि सत्कार होतो. मुलगी परीक्षेत पास झाली, सत्कार. माणूस धडपणे रिटायर झाला, सत्कार. भाऊरावनं स्वतः सगळ्यांच्या मागे लागून केवलरामचा सत्कार ठरवला. भय्याजींना पटवलं, बॅनर छापून आणला, झेंडूचे हार आणले. आणि दिवस निवडला तो सेफ्टी मीटिंगचा, ज्या दिवशी खात्याचे मोठे साहेब येतात आणि कारखान्याचे डॉक्टर छातीच्या आजारांवर चार शब्द बोलतात. माणसाला मारायला हार घालावे लागतात, हे भाऊरावला कोणी शिकवलं नव्हतं.

साहेब भाषणात म्हणाले, ऐसे फिट आदमी पर हमें गर्व है. टाळ्या पडल्या. केवलरामला बोलायला उभं केलं. त्याला दोनच वाक्यं सुचली. "मी काई नाई केलं. जे केलं ते भाऊरावनं केलं." मग त्यानं भाऊरावला हात धरून पुढे ओढलं, आपल्या खांद्यावरची शाल काढली आणि त्याच्या खांद्यावर घातली. पुन्हा टाळ्या. भाऊराव शाल धरून उभा राहिला. डॉक्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी हसत हसत, अगदी सहज विचारलं, "फुंडे जी, आप तो लाइट जॉब पर थे ना?"

सगळे हसले. केवलरामही हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

पंधरवड्यात त्याला तपासायला बोलावलं. डॉक्टरांनी नियमानं तपासलं; कोणावर आरोप करायचा? नळीत फुंकायला लावलं, छाती मोकळी निघाली. फिट. केवलरामनं सांगून पाहिलं की साहेब, खाली आहे म्हणून मोकळी आहे, वर गेलो की पुन्हा बंद होईल. डॉक्टरांच्या टेबलावर तोच फोटो होता. त्यांनी तो त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, इसके बाद मैं क्या लिखूँ, आप बताइए.

केवलराम वर गेला. भाऊरावचा कागद वर आला आणि भाऊराव खुर्चीत बसला.

आता खरं तर त्याला झोप लागू नये, अन्न गोड लागू नये. तसं काही झालं नाही. खुर्ची चांगली होती. पंखा चांगला होता. महिनाभरात सकाळचं थुंकणं पांढरं झालं. हिरा त्याच्यासमोर ताट ठेवून निघून जायची, एवढाच फरक; पण ताट गरम असायचं. धावणं अर्थात बंद. लाइट जॉबवाल्यानं धावताना दिसू नये, हे भाऊरावएवढं कोणाला कळणार?

केवलराम सुरुवातीला एकटाच पहाटे जायचा. समोरच्या दारात उभं राहून हाक मारायचा, "येतो का गा?" आणि भाऊराव खिडकीतून छातीवर हात ठेवून नकाराची मान हलवायचा. मग हाका बंद झाल्या. मग धावणंही बंद झालं. मैनाबाईची वाटी मात्र येत राहिली.

"तुले भेटली ते बरंच झालं," केवलराम एकदा मास्क घेताना म्हणाला होता. "दुसरा कोणी बसला असता तं वाईट वाटलं असतं मले." त्यात टोमणा होता का, हे भाऊरावनं बरेच दिवस शोधलं. नव्हता. तेच फार वाईट होतं.

पुढचा उन्हाळा लागला. वर बॅटरीवर उभं राहवत नव्हतं, आणि केवलरामचे गाल पुन्हा आत गेले होते. खोकला सुरू झाला होता. भय्याजींकडे गेला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. कुर्सी एक है, फुंडे. पण या वेळी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. तुम दोनों दोस्त हो, आपस में बाँट लो, एक महीना वो, एक महीना तुम. डॉक्टर को मैं समझा लूँगा. इतना तो मैं पहले भी कर देता, किसी ने पूछा ही नहीं.

केवलराम तसाच जिना उतरून मास्क रूमच्या खिडकीशी आला. त्यानं आडवळण घेतलं नाही, बुटाची नाडी बांधली नाही, खोकला लपवला नाही. दोन्ही हात खिडकीच्या फळीवर ठेवले आणि सरळ विचारलं.

"भाऊराव, माया दम नाई पुरत आता वर. एक महिना तू बस, एक महिना मी बसतो. भय्याजी हो म्हणतेत. चालन का तुले?"

इतकं सोपं होतं ते. भाऊरावनं कधी न विचारलेला प्रश्न केवलरामनं एका दमात विचारला होता. कूलरचं पाणी ठिबकत होतं. केवलरामच्या मागे पाळीवर जाणारी माणसं रांगेत उभी होती. भाऊरावला आठवला तो वरचा पिवळा धूर, आणि एक महिना, आणि त्यानंतर पुन्हा एक. हो म्हणायला तोंड उघडलं होतं, हे तो आजही स्वतःला सांगतो.

"पण तुले का झालं गा?" तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चांगला खणखणीत निघाला. "तू तं बेचाळीस किलोमीटर धावला."

रांगेतले दोघं-तिघं हसले. केवलरामनं खिडकीतून त्याच्याकडे पाहिलं. आणि त्याला सगळं कळलं. पहाटेच्या हाका, शर्ट, शपथ, शाल, सगळं एकदम. भाऊरावला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आता हा ओरडेल, शिवी देईल, निदान नाव तरी घेईल, म्हणून त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले.

"हो," केवलराम म्हणाला. "धावलो खरं." आणि त्यानं मास्कसाठी हात पुढे केला.